कुतूहलाची शिस्त



ज्या शिक्षिकेच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्यांनी आपली सारी हयात प्राथमिक शाळेतील मुलांच्या सहवासात वेचली, आणि मुलाच्या मनात प्रश्न उत्पन्न होण्यापूर्वी त्याच्यापुढे उत्तर मांडून ठेवू नये, हा आपला आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. त्या आग्रहाचे स्मरण ठेवूनच आजचा विषय मी निवडला आहे. लहान मुलाचे घरच्या घरी होणारे शिक्षण, आणि तेही त्या मुलाला आपण होऊन ज्या परक्या संस्कृतीची ओढ लागली असेल तिच्या अभ्यासाच्या द्वारे होणारे शिक्षण, यासंबंधी काही अनुभव आणि त्या अनुभवावरून बनलेली मते आपल्यापुढे ठेवण्याची अनुज्ञा मी मागतो.

आवडीच्या अनुरोधाने शिक्षण द्यावे असे कोणी म्हणाले की आपल्याकडील सुजाण माणसांच्याही मनात एक शंका उभी राहते. मुलाची आवड चंचल; आज तिला तारे हवेत, उद्या मुंग्या, परवा आगगाड्या; तिच्या मागे धावत सुटल्यास परिश्रमाची सवय लागणार कशी, आणि न आवडणारे कामही नेटाने तडीस नेण्याची ताकद मुलाच्या अंगी येणार कोठून, अशी ती शंका आहे. तिला माझे उत्तर असे की, खरी आवड मुलाला मोकाट सोडीत नाही. ती त्याला अशा वस्तूपाशी नेऊन उभी करते की जिचे नियम त्याने केलेले नसतात आणि जे आपल्या सोयीप्रमाणे बदलण्याची मुभा त्याला नसते. अशा वस्तूंमध्ये परक्या समाजाची संस्कृती मला सर्वांत समृद्ध वाटते. कारण तिच्यात लिपी आहे, गणित आहे, भूगोल आहे, स्वयंपाक आहे, दैवते आहेत, आणि हे सारे एकमेकांत असे गुंतलेले आहे की एक धागा हाती धरला असता बाकीचे आपोआप ओढले जातात.

आमच्या घरी हा योग जपानच्या निमित्ताने आला. माझ्या बदलीच्या नोकरीमुळे वर्षाच्या मध्यावर आम्हांस पुण्यास बिऱ्हाड हलवावे लागले आणि कन्येचा शाळाप्रवेश पुढील जूनपर्यंत लांबणीवर पडला. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून जी विस्तीर्ण बाग आहे, ती जपानातील ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण असून तेथील कोराकुएन या प्रसिद्ध उद्यानाच्या धर्तीवर रचलेली आहे. त्या बागेतली छाटून गोल केलेली झुडपे आणि वळणे घेत जाणारे पाणी पाहून तिने जे प्रश्न विचारण्यास आरंभ केला, त्यांना आम्ही उभयतांनी कोठेही अडविले नाही, एवढेच आमचे प्रारंभीचे कर्तृत्व. जून आला तेव्हा प्रवेशाचा अर्ज पुढे ढकलावा असे आम्ही विचारपूर्वक ठरविले, आणि तिचे प्राथमिक वयातील बरेचसे शिक्षण मग घरीच झाले.

आता आवडीतून शिस्त कशी निपजते याचे उदाहरण थोड्या तपशिलाने सांगतो. जपानी भाषेच्या हिरागाना या लिपीत मूळ चिन्हे ४६ आहेत. त्यांचा तक्ता भिंतीवर लागला तेव्हा कन्या आपली मराठी मुळाक्षरे नुकतीच पक्की करून बसली होती. तिने तक्ता वाचला तो असा: अ, इ, उ, ए, ओ; मग क, मग स, त, न, ह, म, य, र, व. दुसऱ्या वाचनाच्या वेळी ती थबकली आणि म्हणाली, “बाबा, ही तर आपलीच ओळ आहे, मधली मधली अक्षरं गाळलेली.” तिचे निरीक्षण यथार्थ होते. बौद्ध भिक्षूंनी मंत्रपठणासाठी सिद्धम् ही भारतीय लिपी जपानात नेली, तिच्या अभ्यासाबरोबर आपले वर्णोच्चारशास्त्र तेथे पोहोचले, आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी तेथील पंडितांनी आपल्या अक्षरांची मांडणी त्या शास्त्रास अनुसरून केली. कंठापासून ओठांपर्यंत येणारा जो क्रम आपण बालपणी अर्थ न कळता घोकतो, त्याला काही कारण आहे हे माझ्या मुलीला प्रथम जपानी तक्त्याने सांगितले.

पण गोष्ट येथेच संपली नाही. त्या लिपीत अक्षराच्या उजव्या खांद्यावर दोन बारीक रेघा दिल्या म्हणजे कठोर वर्ण मृदू होतो. क चा ग होतो, त चा द होतो; आणि ह ला त्याच रेघा दिल्या असता ब होतो. कन्येला हे पटेना. “क चा ग झाला ते कळलं, त चा द झाला तेही कळलं, पण ह चा ब कसा होईल? ब तर प चा व्हायला पाहिजे,” असे म्हणून तिने तक्ता चुकीचा छापला आहे असा निर्णय दिला. आम्हां दोघांना उत्तर ठाऊक नव्हते, आणि ते आम्ही तिला तसेच सांगितले. पुण्यात जपानी भाषेचे अध्यापन अनेक वर्षे चालू असल्याने जाणकाराचा शोध घेणे कठीण गेले नाही. त्या बाईंनी कौतुकाने सांगितले की, आज जेथे ह उच्चारला जातो तेथे प्राचीन काळी प उच्चारला जाई. तोंडातला उच्चार शतकांच्या ओघात बदलला, परंतु तक्त्यातली जागा आणि त्या दोन रेघांचा हिशेब जुनाच राहिला. न आणि म यांच्या मध्ये ह का बसला आहे याचाही उलगडा मग झाला, कारण आपल्या वर्णमालेत ती जागा प ची आहे. श्रोतेहो, सात वर्षांच्या मुलीने जी शंका काढली ती भाषाशास्त्राची खरी शंका होती. ती तिला काढता आली, कारण तक्ता तिचा नव्हता. तो तिच्या इच्छेप्रमाणे वाकणार नव्हता, आणि तो समजून घ्यावा अशी निकड मात्र तिची स्वतःची होती.

हस्तकौशल्यातही हेच घडले. कागदाचा क्रौंच पक्षी करण्यासाठी चौरस कागद लागतो, आणि पहिल्या घडीला कड कडेवर काटेकोर बसली नाही तर ती सुताएवढी चूक पुढच्या प्रत्येक घडीत वाढत जाऊन शेवटी पक्ष्याची मान उमलतच नाही. कोणी रागे भरत नाही, कोणी गुण कापीत नाही. कागदच निकाल देतो. घडी उलगडून पुन्हा पहिल्यापासून घालण्याचा जो संयम पाढ्यांच्या वहीपुढे माझ्या मुलीत कधी दिसला नव्हता, तो येथे दिसला, आणि पुढे तोच संयम ती पाढ्यांकडेही घेऊन गेली. गणिताला वाट दुसरीकडूनही फुटली. सोरोबान या जपानी मणिचौकटीत प्रत्येक तारेवर वर पाचाचा एक मणी आणि खाली एकेकाचे चार मणी असतात. एकं, दहं, शतं हे स्थान बोटांना कळले की हातच्याचे गूढ उरत नाही. फुजी पर्वताची उंची ३,७७६ मीटर आणि आपल्या कळसूबाईची १,६४६ मीटर, हे कळताच कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी फुजीस गाठण्यास ४८४ मीटर उरतात, हा हिशेब तिने कोणी न सांगता केला.

भूगोलाच्या बाबतीत तर परक्या देशाने तिला थेट आपल्या मातीपाशी आणून सोडले. जपानी घरे लाकडाची आणि आतल्या सरकत्या दारांना कागद लावलेली का, या प्रश्नाचा शोध घेता घेता भूकंपाचे प्रकरण निघाले. जमीन हादरली असता हलके लाकडी घर डोलते आणि पुष्कळदा तगून राहते. परंतु १ सप्टेंबर १९२३ रोजी तोक्यो-योकोहामाच्या परिसरात भूकंप झाला तो भर दुपारी, चुली पेटलेल्या असताना, आणि त्या वेळी लाखाहून अधिक माणसे दगावली, त्यांतील बहुतेक आगीने. एका संकटावर योजलेला उपाय दुसऱ्या संकटाला दार उघडून देऊ शकतो, हे सत्य तिने येथे अनुभविले. तो दिवस जपानात आज आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळला जातो. यावर ती आजीकडे गेली. “आजी, आपल्याकडे पण झालाय का गं भूकंप? तुला आठवतो?” माझ्या मातोश्रींनी मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सांगितला, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, गणपतीविसर्जनाची रात्र सरत असताना झालेला, किल्लारीचा भूकंपही सांगितला. लातूर आणि धाराशिव भागातील दगडमातीच्या जाड भिंतींच्या आणि वर मातीचे जड माळवद असलेल्या ज्या घरांनी उन्हाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला, तीच घरे त्या पहाटे निजलेल्या हजारो माणसांवर कोसळली. जपानच्या घराचा प्रश्न विचारणारी मुलगी अशा रीतीने मराठवाड्याच्या घरापाशी येऊन पोहोचली, आणि घर बांधणे ही विचाराची आणि जबाबदारीची गोष्ट आहे हे तिला उमगले.

इतिहास आणि दैवते यांविषयी मात्र पालकाने फार सावध असावे लागते. जपानी लोक सात भाग्यदेवता मानतात. त्यांपैकी बेन्झाइतेन ही आपली सरस्वती, बिशामोन्तेन हा वैश्रवण म्हणजे कुबेर, आणि दाइकोकु हा मूळचा महाकाल. आणखी तीन देवता चीनकडच्या आणि एकच तेथील भूमीतली. वीणेच्या जागी बिवा हे तंतुवाद्य घेऊन बसलेली सरस्वती पाहून मुलीला अपार आनंद झाला. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ मध्ये जपानात पोहोचला आणि नारा येथील महाबुद्धाच्या प्रचंड मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ मध्ये त्याच्या हस्ते झाले. ज्या कुंचल्याने त्याने डोळे रेखिले त्याला लांब दोऱ्या बांधून त्या जमलेल्या लोकांनी हाती धरिल्या होत्या, म्हणजे त्या पुण्यकर्मात सर्वांचा हात लागावा. ही कथा तिने पुनःपुन्हा ऐकली.

परंतु अशा कथांमधून ‘सारे आमच्याकडूनच गेले’ असा अहंकार बालमनात रुजण्यास वेळ लागत नाही, आणि तो रुजला तर परक्या संस्कृतीचा सारा अभ्यास वाया गेला असे समजावे. म्हणून देण्याबरोबर घेण्याचाही हिशेब आम्ही तिच्यापुढे ठेविला. जिन्झो नारुसे यांनी १९०१ मध्ये तोक्यो येथे स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापिले; त्याची माहितीपुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली, तिच्यातून त्यांना कल्पना सुचली, आणि १९१६ मध्ये पुण्यास भारतीय महिला विद्यापीठाचा जन्म झाला. ज्या संस्थेतून तिची आजी पदवीधर झाली, तिचे बीज जपानातून आलेले आहे हे कळले तेव्हा मुलीच्या मनात त्या देशाविषयी ऋणाची भावना उत्पन्न झाली. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला, हेही याच खात्यावर मांडलेले देणे होय.

ज्या देशाविषयी प्रेम जडले त्याची दुःखे आणि त्याचे अपराध मुलाला सांगावेत की नाही, असे मला अनेक पालक विचारतात. माझे मत असे की, सांगावेत. परंतु वयाचे मान राखून आणि मुलाने विचारल्यावर. कागदाच्या क्रौंचामागोमाग, आजारपणात तसेच क्रौंच घडविणाऱ्या सादाको सासाकी या मुलीची कथा येतेच. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. रक्ताच्या कर्करोगाने १९५५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, ती गेली. आणि तिच्या सवंगड्यांनी चालविलेल्या खटपटीतून १९५८ मध्ये तेथे बालकांचे शांतिस्मारक उभे राहिले. ही कथा आम्ही सांगितली. त्याच जपानने कोरिया आणि चीन येथे जे अत्याचार केले, आणि १९४२ ते १९४५ या काळात आपल्या अंदमानातील रहिवाशांचे जे हाल केले, तेही ती थोडी मोठी झाल्यावर सांगितले. प्रेम आणि सत्य यांची फारकत करण्याची सवय बालपणी लागली तर ती पुढे स्वदेशाच्या इतिहासातही नडते.

या सर्व खटाटोपात पालकाचे काम कोणते? माझ्या समजुतीप्रमाणे ते कारकुनाचे आणि सहाध्याय्याचे आहे. आम्ही एक जाड नोंदवही ठेविली. तिच्यात मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहावयाचा, त्यापुढे तारीख, मग उत्तर कोठे मिळाले ते, आणि शेवटी त्या उत्तराची दुसऱ्या ठिकाणी रुजुवात झाली की नाही ते. अनुत्तरित प्रश्न खोडावयाचा नाही. तो शिल्लक बाकीप्रमाणे पुढल्या पानावर ओढावयाचा. या वहीमुळे दोन गोष्टी साधल्या. मुलीला कळले की आपला प्रश्न घरात दप्तरी दाखल होतो, म्हणजे तो मोलाचा आहे. आणि आम्हांला कळले की वरवर चंचल दिसणारी तिची आवड मुळात एकाच दिशेने वाहत आहे. माणसे जे करतात ते का करतात, हाच तिचा प्रश्न निरनिराळ्या वेषांत परतून येत असे.

हे तत्त्व काही नवे नाही, आणि त्याचा एक उत्तम प्रयोग खुद्द जपानातच झालेला आहे. सोसाकु कोबायाशी यांनी १९३७ मध्ये तोक्योत ‘तोमोए’ नावाची शाळा काढिली, जिचे वर्णन तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांसही परिचित आहे. जुने आगगाडीचे डबे हेच तिचे वर्ग. सकाळी शिक्षक दिवसभराचे सारे विषय फळ्यावर लिहून देत आणि प्रत्येक मुलाने आपल्याला रुचेल त्या विषयापासून आरंभ करावा अशी तेथे रीत होती. दिवस संपेपर्यंत सारे विषय झाले पाहिजेत, हा मात्र दंडक. स्वातंत्र्य आरंभाचे, बंधन पूर्ततेचे, असा तो मेळ होता. आणि मूल कोठून आरंभ करते हे पाहून शिक्षकाला त्याच्या मनाचा कल रोजच्या रोज कळत असे. १९४५ च्या बाँबवर्षावात ती शाळा जळून गेली. त्याच वर्षी इकडे बोर्डीस ताराबाई मोडकांनी ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्याला आरंभ केला, आणि पुढे त्यांनी व अनुताई वाघांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मुलाने शाळेकडे यावे याची वाट न पाहता शाळेने मुलाकडे जावे, हा जो त्यांचा विचार, त्याच्याशी घरच्या शिक्षणाचे नाते मला फार जवळचे वाटते.

आता आक्षेपांचा परामर्श घेतो. घरी शिकणारे मूल एकलकोंडे होईल, हा आक्षेप खरा ठरू शकतो. म्हणून त्याच्यासाठी आळीतली मुले, मैदान, तालीम, गाण्याचा वर्ग यांची योजना पालकाने जाणीवपूर्वक केली पाहिजे. आमच्या घरी शनिवारी शेजारची मुले जमत. आंबेमोहोराचा भात मऊ शिजवून, हात ओले करून, मिठाचे बोट लावून जपानी पद्धतीचे मुटके वळण्यात जी गर्दी होई, तीत कोण शाळेत जातो आणि कोण जात नाही याचा कोणास पत्ता नसे. परीक्षेचा प्रश्न पुढचा आहे, पण तो सुटण्यासारखा आहे: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वाट मोकळी आहे, आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीस बसण्याची आपल्याकडील रीत तर जुनीच आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. तो या देशातील कोट्यवधी मुलांचा आधार आहे, आणि माझ्या बोलण्यातून त्याचे महत्त्व यत्किंचितही कमी व्हावे अशी माझी इच्छा नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप निराळाच आहे. घरी शिकविण्यास वेळ लागतो, आणि हा वेळ बहुधा घरातील स्त्रीच्या आयुष्यातून वजा होतो. शिवाय ज्या घरात दोघांनाही पोटासाठी बाहेर पडावे लागते तेथे ही चैन परवडणार कोणाला? हा आक्षेप मी शिरोधार्य मानतो. आमच्या घरी हे काम उभयतांनी वाटून घेतले, आणि ज्या घरात ते वाटून घेण्याची तयारी नसेल त्या घराने या वाटेस जाऊ नये असे मी स्पष्ट सांगेन. म्हणूनच सर्वांनी मुलांना शाळेतून काढून घरी बसवावे असा प्रचार करण्यास मी येथे आलेलो नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाच्याही आयुष्यात एका दूरच्या समाजाला मानाची जागा मिळावी, त्याची निवड मुलाने करावी आणि तिचा पाठपुरावा मोठ्यांनी करावा, एवढेच माझे मागणे आहे. एखाद्याला ते मिसर देशात सापडेल, एखाद्याला माओरी लोकांत, एखाद्याला आपल्याच शेजारच्या गोंडांच्या चित्रांत. पालकाला सवड नसेल तर शिक्षकाने, शिक्षकाला नसेल तर ग्रंथपालाने ती नोंदवही उघडावी. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाने महाराष्ट्रात गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यतेचा आणि अनुदानाचा आधार दिला. त्या ग्रंथालयांत मुलांसाठी एक बैठक, एक मोठा नकाशासंग्रह, आणि मुलाने विचारलेला प्रश्न लिहून घेणारा एक माणूस असावा, ही मागणी अवास्तव आहे असे मला वाटत नाही.

मंडळी, आपल्या मुलांना पुढे ज्या जगात वावरावयाचे आहे तेथे त्यांच्या शेजारी परक्या भाषेची, परक्या आहाराची आणि परक्या श्रद्धेची माणसे असणार. अशा माणसाविषयी भीती बाळगणे किंवा त्याची थट्टा करणे हे अज्ञानाला सोपे जाते. ज्या मुलाने एका परक्या समाजाचे एक अक्षर तरी त्याच्या नियमाने गिरविले, त्याच्या घरातली एक वस्तू तरी का तशी आहे हे शोधून काढले, त्याच्या दुःखाचा आणि दोषाचा एक अध्याय तरी ऐकून घेतला, त्याला पुढे कोणताही समाज सर्वस्वी परका वाटणार नाही. आणि स्वतःच्या समाजाकडेही ते मूल जाणत्या, न्यायी आणि कृतज्ञ दृष्टीने पाहील. एवढे फळ देणारे शिक्षण एका लहान मुलाच्या प्रश्नातून सुरू होत असेल, तर तो प्रश्न टिपून घेणे आणि त्याचा अखेरपर्यंत पाठपुरावा करणे हे आपणां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे, असे मी पूर्ण विश्वासाने सांगतो.